हलणाऱ्या माणसाचा एक्स-रे

दातांच्या एक्स-रेच्या खोलीत शिरलं की दोन शब्द हमखास कानावर पडतात : ‘हलू नका.’ दाढ ठणकत असते, गाल सुजलेला असतो, हनुवटी प्लॅस्टिकच्या टेकूवर ठेवलेली असते आणि समोरच्या दातांत एक छोटी खुंटी चावून धरायची असते. मग यंत्र डोक्याभोवती संथपणे फिरायला लागतं. फेरी अवघ्या पंधरा-वीस सेकंदांची. पण नेमकी त्याच वेळी तोंडात लाळ जमते, घशात खवखवतं, कानाशी आलेलं यंत्र पाहून मान आपोआप वळते. थोड्या वेळानं आतून निरोप येतो, ‘पुन्हा काढावा लागेल. तुम्ही हललात.’

या साध्या वाक्यामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. दातांचं चित्र काढताना स्थिर कोणी राहायचं, माणसानं की यंत्रानं, आणि चित्र बिघडलं तर दोष कोणाच्या पदरात टाकायचा, हा त्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. तो दंतवैद्यांपुरता नाही. ज्याच्या तोंडात दात आहेत, किंवा एके काळी होते, अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

देहूरोडसारख्या गावातून पाहिलं तर त्याचं वजन अधिक जाणवतं. लष्करी छावणी, दारूगोळ्याचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, मधून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि लोणावळा लोकल, अशी ही वस्ती. इथली माणसं तळेगाव, चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत पाळ्या करतात. दाढ दुखली की आधी लवंग, मग मेडिकलच्या दुकानातली गोळी, आणि अगदीच सहन होईना तेव्हा निगडी-पिंपरीचा दवाखाना किंवा पिंपरीतलं दंत महाविद्यालय. अशा माणसाला ‘पुन्हा काढावा लागेल’ या शब्दांचा अर्थ थोडे जास्त किरण एवढाच नसतो. आणखी एक खाडा, आणखी एक लोकलची फेरी, आणि रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहणं, हेही त्यात येतं.

सुरुवात १८९५ सालापासून करू. ८ नोव्हेंबरला जर्मनीतल्या व्युर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटगेन यांना एक अनोळखी किरण सापडला. नाव सुचेना, म्हणून त्यांनी गणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर त्याला दिलं. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. बोटांची हाडं आणि अंगठी स्पष्ट दिसणारं ते चित्र जगभर गेलं. त्यासाठी त्या माउलीला सुमारे पाव तास हात हलू न देता ठेवावा लागला होता.

हात टेबलावर ठेवता येतो. जबडा ठेवणार कुठे? जानेवारी १८९६ मध्ये, शोध जाहीर होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, ब्राउनश्वाइग शहरातले दंतवैद्य ऑटो वाल्कहॉफ यांनी फ्रिट्झ गीझेल या रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं स्वतःच्या दातांचं चित्र काढून घेतलं. काचेच्या फोटोप्लेटचा लहान तुकडा काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळून त्यांनी तोंडात धरला आणि सुमारे पंचवीस मिनिटं ते पडून राहिले. पंचवीस मिनिटं तोंडात काच, लाळ गिळायची चोरी आणि चेहऱ्यावर किरण! चित्र पुसटच आलं, पण दातांच्या एक्स-रेचा जन्म झाला. म्हणजे दातांच्या एक्स-रेचे पहिले रुग्ण स्वतः दंतवैद्यच होते, आणि न हलण्याची पहिली शिक्षा त्यांनीच भोगली.

त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी हे तंत्र दवाखान्यात आणलं. रुग्णाच्या तोंडात फिल्म नेमकी एकाच जागी राहावी म्हणून त्यांनी धारक तयार केला. हालचालीवरचा तो पहिल्या उपायांपैकी एक. पण त्या काळच्या नळ्या लहरी असत. आज झोत कसा आहे हे पाहण्यासाठी केल्स आणि त्यांचे समकालीन स्वतःचा हात झोतात धरत आणि पडद्यावर आपलीच हाडं पाहत. वर्षानुवर्षं हे चाललं. त्यांच्या हाताला कर्करोग झाला. आधी बोटं गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. रुग्णाच्या दातांचं स्वच्छ चित्र मिळावं म्हणून चाललेल्या धडपडीची ही किंमत होती.

धोक्याची घंटा कोणी वाजवलीच नव्हती, असं मात्र नाही. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनीपिगवर प्रयोग करून हे किरण जीव घेऊ शकतात हे दाखवलं. नळीभोवती शिशाचं कवच हवं, झोत हवा तेवढाच मोकळा सोडावा, रुग्णाचा बाकीचा भाग झाकावा, असं त्यांनी सांगितलं. आज आपल्या गळ्यात आणि छातीवर जो जड शिशाचा एप्रन येतो, त्यामागचा विचार इतका जुना आहे. त्यांच्या काळात फार थोड्यांनी तो मनावर घेतला.

पुढची अनेक दशकं म्हणजे वेळ कमी करण्याची कथा. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी भरवशाची नळी बनवली. झोत किती आणि किती वेळ, हे पहिल्यांदाच माणसाच्या ताब्यात आलं. फिल्मही अधिकाधिक वेगवान होत गेली. १९५५ आणि १९८१ मध्ये आलेल्या फिल्मनी लागणारे किरण प्रत्येक वेळी आणखी कमी केले. १९८७ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयाँ यांनी फिल्मच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक आणला. पंचवीस मिनिटांचं काम सेकंदाच्या लहानशा भागात होऊ लागलं. एका दाताच्या छोट्या चित्रापुरता हालचालीचा प्रश्न जवळजवळ सुटला. तेवढ्या वेळात कोण कितीसा हलणार?

पण वैद्यकाची भूक एका दातावर भागत नाही. आता संशोधकांना अख्खा चेहरा मोजायचा होता, आणि तोही वर्षानुवर्षं, त्याच माणसाचा.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये होली ब्रॉडबेंट या दंतवैद्यांपुढे कोडं होतं ते वाढत्या मुलांचं. मुलाचा जबडा सहाव्या वर्षी कसा असतो, बाराव्या वर्षी कसा होतो, वेडेवाकडे दात ओढून सरळ करताना नेमकं काय सरकतं? कवट्या मोजून भागत नव्हतं, कारण कवटी वाढत नाही. जिवंत मूलच पुन्हा पुन्हा मोजायला हवं होतं. पण आज काढलेलं चित्र आणि दोन वर्षांनी काढलेलं चित्र यांची तुलना करायची तर डोकं दोन्ही वेळा अगदी त्याच जागी, त्याच कोनात हवं. कवट्या मोजताना त्या धरून ठेवायला जी चौकट वापरत, तिच्यात सुधारणा करून ब्रॉडबेंट यांनी जिवंत माणसासाठी चौकट बनवली. दोन्ही कानांत दोन दांडे आणि मधे डोकं. १९३१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जर्मनीत हेर्बर्ट होफ्राट यांनीही तसंच तंत्र मांडलं. दातांना तारा लावण्यापूर्वी आजही बाजूनं एक्स-रे काढताना कानांत ते दांडे येतात. आपल्या मुलामुलींनी ते अनुभवले असतील.

हजारो निरोगी मुलांची चित्रं या पद्धतीनं जमवली गेली आणि चेहरा कसा वाढतो याविषयीचं पुष्कळसं ज्ञान त्यातून मिळालं. त्याच्या आधारानं जगभर उपचार झाले. पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट टोचते. ही मुलं आजारी नव्हती. किरणांचा त्यांना स्वतःला काही उपयोग नव्हता. माणसावरच्या संशोधनाचे नियम जगानं नीट लिहून काढले ते नंतर : १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा. नुसत्या अभ्यासासाठी निरोगी मुलांवर असे वारंवार किरण सोडायची परवानगी आज सहजासहजी मिळणार नाही. त्या चौकटीनं मुलांची डोकी धरून ठेवली. धरावीत का, हा प्रश्न विचारायला वेळ लागला.

हेलसिंकीचं नाव निघालंच आहे, तर तिथलीच पुढची गोष्ट. फिनलंडमधले युर्यो पाटेरो यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ठरवलं की कानापासून कानापर्यंतचे सगळे दात एकाच पट्टीवर आणायचे. जबडा कमानीसारखा वळलेला, तर फिल्म सपाट. मग यातलं काहीतरी फिरायला हवं. गंमत अशी, की त्यांच्या सुरुवातीच्या रचनेत नळी जागच्या जागी होती आणि रुग्णालाच खुर्चीसकट फिरवलं जाई! पुढे रचना बदलली. माणूस स्थिर आणि यंत्र त्याच्याभोवती फिरतं, असं यंत्र १९६१ मध्ये बाजारात आलं. ज्याला आपण ‘ओपीजी’ म्हणतो ते हेच. कारखान्यातल्या अपघातात जबड्याला मार लागला, अक्कलदाढ आडवी उगवली, लहान मुलाचे पक्के दात हिरडीत कुठे अडकलेत हे पाहायचं असलं, की डॉक्टर पहिल्यांदा ओपीजी सांगतात.

पण पाहा, इथे चाक उलट फिरलं. साध्या एक्स-रेत सेकंदाच्या आत आलेला वेळ पुन्हा पंधरा-वीस सेकंदांवर गेला. ओपीजी यंत्राला जबड्याच्या आकाराची एक अरुंद कमानी पट्टीच स्पष्ट दिसते. पुढचे दात त्या पट्टीच्या पुढे गेले तर चित्रात बारीक दिसतात, मागे गेले तर रुंद. फेरीच्या मधेच माणसानं ठसका दिला तर खालच्या जबड्याच्या कडेवर पायरी पडते. हाड मोडलं की काय, असं वाटावं. म्हणजे हललेलं चित्र दर वेळी पुसटच असतं असं नाही. कधी कधी ते स्पष्ट असतं आणि खोटं बोलतं. हे अधिक धोक्याचं.

१९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. ते यंत्र फक्त डोक्यासाठी होतं, आणि डोकं पाण्यानं वेढलेल्या रबरी टोपीत बसवावं लागे. डोक्याच्या एकेका चकतीला काही मिनिटं लागत. आधी डोकं हे बरंच घट्ट धरता येतं, छाती-पोट धरता येत नाही. सीटीनं डोक्यापासून सुरुवात केली त्यामागे हेही एक कारण होतं.

दातांसाठी याच कल्पनेचं सुटसुटीत रूप १९९८ मध्ये इटलीतल्या वेरोनाच्या संशोधकांनी मांडलं, आणि पाठोपाठ जपानमधूनही तसंच यंत्र आलं. शंकूच्या आकाराचा झोत डोक्याभोवती एकदा फिरतो, शेकडो चित्रं घेतो आणि संगणक त्यातून जबड्याची त्रिमिती प्रतिमा उभी करतो. याला सीबीसीटी म्हणतात. आज पुण्या-पिंपरीकडे कृत्रिम दात हाडात बसवायचा असेल, तर अनेकदा हाच स्कॅन सांगितला जातो.

आता यातली मेख लक्षात घ्या. संगणक ती शेकडो चित्रं जोडतो ते एका गृहीतावर : डोकं सबंध फेरीत हललेलं नाही. हलल्याचं त्याला कळत नाही. दळणाच्या गिरणीला आत काय पडलं हे कुठे कळतं? ज्वारीत खडा आला तर तोही दळला जाणार. फेरी दहा ते चाळीस सेकंदांची असते, आणि यंत्र मोजतं ते मिलिमीटरच्या दशांशांत. तेवढ्या वेळात श्वास चालतो, नाडी उडते, लाळ गिळली जाते. हाडाच्या कडा दुहेरी दिसतात, पट्टे उमटतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस एका नळीतून जाते. तिच्या वर किती हाड शिल्लक आहे, हे पाहूनच स्क्रू किती खोल घालायचा ते ठरतं. तो अंदाज चुकला तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. हालचालीचा प्रश्न अशा ठिकाणी येऊन भिडतो.

मग प्रश्न असा, की माणूस नेमका किती हलतो आणि किती हललेलं चालतं? आश्चर्य वाटेल, पण एवढी वर्षं याचं उत्तर शास्त्रशुद्ध रीतीनं फारसं कोणी शोधलं नव्हतं. चित्र खराब आलं की ‘रुग्ण हलला’ म्हणायचं, आणि रुग्ण हलला हे कशावरून, तर चित्र खराब आलं त्यावरून. ही तर फिरून भोपळे चौकातच. हालचाल चित्रावरून न ठरवता स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय ही कोंडी फुटणार नव्हती.

ती फोडण्याचं मोठं काम डेन्मार्कमध्ये झालं. चाकणच्या माणसाला डेन्मार्क तसं परकं नाही. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात मोटारसायकली जोडताना कामगारांच्या शेजारी जे हलके यांत्रिक हात काम करतात, ते ओडेन्स या डॅनिश शहरातल्या कंपनीचे. त्याच देशातल्या ऑरहुस विद्यापीठात रुबेन्स स्पिन-नेटो, ॲन वेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांत्रिक हाताला वेगळंच काम दिलं. त्यांनी त्याच्यावर माणसाची कवटी बसवली. यंत्रमानव ती कवटी ठरवून हलवी : मान डोलावल्यासारखी, वळवल्यासारखी, कलती केल्यासारखी, कंप सुटल्यासारखी. किती अंतर, फेरीच्या कोणत्या क्षणी, हे सगळं आधीच ठरलेलं. कवटी हलत असताना वेगवेगळ्या यंत्रांवर तिचे स्कॅन घेतले आणि परीक्षकांनी ते तपासले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कवटीच का? कारण एकाच माणसाला तपासणीसाठी शंभरदा स्कॅनमध्ये बसवणं कोणत्याही नीतीत बसत नाही. क्लीव्हलँडच्या मुलांपासून ऑरहुसच्या कवटीपर्यंत संशोधनाचा विवेक किती अंतर चालून आला, ते इथे दिसतं.

त्यानंतर याच गटानं खऱ्या रुग्णांकडे मोर्चा वळवला. उपचारासाठी स्कॅन घ्यावाच लागणार होता अशा रुग्णांच्या फेरीच्या वेळी व्हिडिओ कॅमेऱ्यानं त्यांचं डोकं टिपलं, हालचाल मोजली, आणि मग ती चित्राच्या दर्जाशी ताडून पाहिली. किरणांची जादा मात्रा शून्य. यातून काही गोष्टी उलगडल्या. हालचाल ही एकच एक वस्तू नाही. हलून पुन्हा जागेवर आलेला आणि हलून तिथेच राहिलेला, किंचित थरथरणारा आणि एकदाच मोठा झटका देणारा, यांचे परिणाम निरनिराळे. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तेवढ्याच हालचालीनं एका यंत्रावरचं चित्र जितकं बिघडतं तितकं दुसऱ्यावरचं बिघडेलच असं नाही. म्हणजे खराब चित्राच्या अपश्रेयात यंत्राचाही वाटा असतो. ‘तुम्ही हललात’ हे अर्धंच सत्य.

पुढची पायरी ओघानंच आली. कॅमेरा डोक्याची हालचाल टिपत असेल तर तीच माहिती संगणकाला का देऊ नये? डोकं या क्षणी एवढं सरकलं होतं हे कळलं, तर गणितानं ते परत जागेवर आणता येईल. अशी दुरुस्ती करणारी यंत्रं आली. २०१८ मध्ये पुन्हा कवटी आणि यंत्रमानव वापरूनच त्यांची परीक्षा झाली, आणि दुरुस्तीमुळे बिघडलेली चित्रं बऱ्याच अंशी वाचण्याजोगी होतात असं दिसलं. सव्वाशे वर्षं माणसाला ‘हलू नका’ म्हणणारं यंत्र पहिल्यांदाच ‘हललात तरी बघतो’ म्हणू लागलं.

हा नुसता तंत्राचा कौतुकसोहळा नव्हे. हलतो कोण, याचा विचार करून पाहा. चार वर्षांचं घाबरलेलं मूल. कंपवात झालेले आजोबा. ज्याला सूचना नीट कळत नाहीत असा मतिमंद मुलगा. दम्याची आजी. रात्रपाळी करून सरळ दवाखान्यात आलेला, उभ्या उभ्या डुलकी लागणारा कामगार. आणि ज्याची दाढ सर्वांत जास्त ठणकते आहे तो. म्हणजे ज्यांना चित्राची गरज अधिक, त्यांचंच चित्र बिघडण्याची शक्यता अधिक.

यातला संशोधनाचा भाग आणखी नाजूक आहे. कोणत्याही अभ्यासात ‘वाचता न येणारी’ चित्रं बाजूला काढतात. रीत योग्यच आहे. धूसर चित्रावरून मापं कशी घेणार? पण त्या चित्रांबरोबर त्यांच्या मालकांनाही आपण बाहेर काढतो. मग उरतात ती शांत बसू शकणारी, धडधाकट, समजूतदार माणसं. त्यांच्या जबड्यांवरून काढलेले निष्कर्ष आपण कंपवाताच्या आजोबांनाही लावतो. गावची जनगणना करताना फक्त दारात बसलेल्यांचीच नावं लिहावीत, तसं हे झालं. म्हणून किती चित्रं का वगळली, हे प्रत्येक अभ्यासानं सांगायला हवं, आणि हालचाल मोजणं हा संशोधनाचा भागच मानायला हवा.

माणसाला यंत्राजवळ आणायचं की संशोधनाला माणसाजवळ न्यायचं, याचं एक जुनं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचा दंत-संशोधन विभाग होता. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध शोधताना या विभागानं जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हातात किरणांचं यंत्र नव्हतं. उजेड, डोळे आणि नोंदवही होती. चुना-तंबाखू खाणारे पुरुष, मिश्री लावणाऱ्या बायका, कोणाच्या गालात आतून पांढरा चट्टा, हे सगळं नोंदलं गेलं. तिथे रुग्ण हलले नाहीत, संशोधकच हलले. तोंडाच्या कर्करोगाआधीच्या खुणांविषयी जगाला जे कळलं, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या या माणसांचा वाटा आहे. त्यांनी तोंड उघडून दाखवलं म्हणून ते कळलं.

आज नियमांची चौकट आपल्याकडे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. २००४च्या किरणोत्सार-संरक्षण नियमांखाली दातांची एक्स-रे यंत्रंही येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१७ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं दिली. समजून दिलेली संमती हा त्यांचा कणा आहे. संशोधनासाठी चित्र काढताना ‘सही करा’ एवढं म्हणून भागत नाही. कशासाठी, किती किरण, नाही म्हटलं तर उपचार थांबणार नाहीत ना, हे रुग्णाच्या भाषेत सांगावं लागतं.

किरणांचा बाऊ करायचं मात्र कारण नाही. माती, आकाश, अन्न यांतून आपल्याला रोज थोडे किरण मिळतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. त्या हिशेबानं एका दाताचं छोटं चित्र साधारण एका दिवसाच्या आतबाहेर येतं आणि ओपीजी काही दिवसांएवढी. सीबीसीटीचं मात्र यंत्रागणिक आणि किती भाग टिपायचा त्यावर ठरतं. काही दिवसांपासून ते काही महिन्यांपर्यंत. म्हणून दाढ दुखत असेल तर एक्स-रेला घाबरू नये. पण स्कॅन वाया जाऊ नये आणि विनाकारण दुसऱ्यांदा निघू नये, याची काळजी सगळ्यांनी घ्यावी.

आपल्या हातात काय आहे? बरंच आहे. हे चित्र कशासाठी, आणि पूर्वी काढलेल्या चित्रावर भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. जुनी फिल्म किंवा सीडी घरी टाकून जाऊ नये. चष्मा, कानातले, नथ, काढता येणारी कवळी आधीच उतरवावी. उभं राहून चक्कर येत असेल, मानेचा त्रास असेल, हात कापत असतील, तर लाज न बाळगता सांगावं; बसून चित्र काढता येईल असं यंत्र अनेक ठिकाणी असतं. लहान मुलाला किरण न सोडता यंत्राची एक नुसती फेरी दाखवायला सांगावी. यंत्र कसं फिरतं, कसला आवाज येतो, हे एकदा कळलं की मूल पुष्कळ शांत बसतं. फेरी सुरू होण्याआधी लाळ गिळून घ्यावी आणि श्वास संथ ठेवावा. आणि तरीही हललात, तर तो गुन्हा नव्हे.

दवाखान्यांनीही एवढं करावं, की ‘पुन्हा काढावा लागेल’ म्हणण्याआधी निघालेल्या चित्रातून हवं ते दिसतंय का, हे तपासावं. चित्राचा कोपरा बिघडला, पण दुखणारी दाढ स्वच्छ दिसत असेल, तर दुसरी फेरी कशाला? पुन्हा काढावंच लागलं, तर कारण नोंदवून ठेवावं. महिन्याभराच्या अशा नोंदी चाळल्या तर आपल्याकडे कोण हलतं, कोणत्या यंत्रावर हलतं, कोणत्या वेळेला हलतं, हे सहज कळेल. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात यंत्रावरचा प्रत्येक नापास सुटा भाग का नापास झाला, याची नोंद ठेवायची सवय हजारो कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. भाग नापास झाला की आधी साचा आणि यंत्र तपासायचं, मग कामगाराकडे पाहायचं, हेही त्यांना ठाऊक आहे. एक्स-रेच्या खोलीलाही याहून वेगळं शहाणपण लागत नाही.

वाल्कहॉफ यांच्या पंचवीस मिनिटांपासून कॅमेऱ्यानं हालचाल टिपणाऱ्या यंत्रापर्यंत विज्ञान आलं ते माणसाला अधिक घट्ट बांधून नव्हे. वेळ कमी करत, किरण कमी करत, आणि शेवटी माणूस हलणारच हे मान्य करत ते आलं. पूर्णपणे स्थिर बसते ती फक्त प्रयोगशाळेतली कवटी. दवाखान्यात येतो तो जिवंत माणूस. तो श्वास घेतो, घाबरतो, खोकतो. त्याच्या मापानं यंत्र बसवायचं, हे काम अजून पुरतं झालेलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)